भार जिन्याचा, आधार खांबांचा

घर बांधताना किंवा वाढवताना आपण फरशीचा रंग, खिडक्यांच्या जाळ्या आणि स्वयंपाकघराचा ओटा यांवर आठवडे घालवतो. घराबाहेरून वरच्या मजल्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याचा विषय मात्र बहुधा सुताराच्या एकाच वाक्यात मिटतो : “साहेब, तीन बाय चारचं लाकूड लावतो, काही होत नाही.” आपण मान डोलावतो आणि पुन्हा फरशीकडे वळतो.

वरचा मजला भाड्याने देणारे, कोकणात वा डोंगराळ भागात पर्यटकांसाठी घरगुती निवासाची सोय करणारे किंवा मुलाच्या संसारासाठी माडीला स्वतंत्र वाट काढणारे ग्राहक अलीकडे वाढत आहेत. गृहदुरुस्ती कर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या अंदाजपत्रकांत ‘लाकडी जिना, एकूण’ अशी एकच ओळ पुष्कळदा दिसते. त्या ओळीत किती लाकूड आहे, ते कोणत्या मापाचे आहे आणि ते कशावर उभे राहणार आहे, हे त्यातून कळत नाही. वास्तविक संपूर्ण जिन्यात सर्वाधिक विचार मागणारी जागा एकच असते. ती म्हणजे अर्ध्या उंचीवरचा, जिना जेथे वळतो तो सपाट चौक, कारागिरांच्या भाषेत ‘लँडिंग’. त्याची मापे आणि त्याचे आधार कसे ठरवावेत, याचा हा साधा हिशेब.

चौकावर भार किती?

उदाहरणादाखल एक नेहमीचा जिना घेऊ. वरचा मजला जमिनीपासून १० फूट उंच आहे. जिना ४ फूट रुंद असून अर्ध्यावर, म्हणजे ५ फुटांवर, काटकोनात वळतो. वळणावर ४ फूट × ४ फूट चौक आहे. खाली एक चढण, वर एक चढण. प्रत्येक चढणीत १० इंच रुंदीच्या ८ पायऱ्या.

भारतीय मानक आय.एस. ८७५ (भाग २) प्रमाणे राहत्या घरातील खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, तर जिना आणि सज्जा यांसाठी सुमारे ३०० किलो भार गृहीत धरावा लागतो. जिन्याला दीडपट भार का, याचे उत्तर प्रत्येक लग्नघराला ठाऊक आहे. खोलीत माणसे पांगतात, जिन्यावर ती दाटतात.

आपला चौक जवळजवळ दीड चौरस मीटरचा आहे. त्यावर सुमारे ४५० किलो भार धरावा लागेल, म्हणजे सरासरी ६५ किलो वजनाची सात माणसे. बहुतेक जण येथेच थांबतात, आणि खरी गफलत येथेच होते. चौक केवळ स्वतःवर उभ्या असलेल्या माणसांना धरत नाही. खालच्या चढणीचे वरचे टोक त्याला टेकलेले असते आणि वरच्या चढणीचे खालचे टोक त्याच्यावर उभे असते. प्रत्येक चढणीचे क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस मीटर, म्हणजे भार सुमारे ७५० किलो. त्यातला निम्मा चौकाकडे येतो. दोन्ही चढणींचे मिळून पुन्हा ७५० किलो झाले.

एकूण बेरीज १,२०० किलोंची, आणि लाकडाचे स्वतःचे वजन त्याहून वेगळे. म्हणजे चौकाला स्वतःच्या माणसांपेक्षा शेजारच्या पायऱ्यांवरील माणसांचेच ओझे अधिक वाहावे लागते. केवळ ‘चार बाय चारचा ओटा’ समजून लाकूड निवडणारा सुतार प्रत्यक्षातील भाराचा जेमतेम तिसरा हिस्सा मोजत असतो.

आडवी फळी, उभी फळी

आता लाकडाच्या मापाकडे वळू. तुळईची ताकद तिच्या रुंदीच्या पटीत वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. तिचा ताठपणा तर उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो. व्यवहारात याचा अर्थ असा, की ३ इंच × ६ इंचाची तुळई ६ इंचांची बाजू उभी ठेवून बसवली, तर तीच तुळई आडवी टाकल्यापेक्षा दुप्पट भार पेलते आणि चौपट कमी वाकते. लाकूड तेच, किंमत तीच, फक्त ठेवण्याची रीत निराळी. अर्थात उंची हवी तेवढी वाढवूनही चालत नाही. रुंदीच्या तिपटीहून जास्त उंच तुळई बाजूने आधार नसल्यास कलंडू पाहते. लाकडी बांधकामाचे भारतीय मानक आय.एस. ८८३ हीच मर्यादा सांगते आणि तुळईची किमान रुंदी ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे २ इंच, ठेवण्यास सांगते.

आपल्या चौकाची सर्वांत कष्टाची तुळई म्हणजे जिला चढण येऊन मिळते ती. तिच्यावर चढणीचे सुमारे ३७० किलो, चौकाचा निम्मा भार आणि लाकडाचे वजन मिळून ७०० किलोंच्या आसपास भार येतो. सागवानी लाकडासाठी गणित केले, तर ३ × ४ इंचाची तुळई ओलसर जागेसाठी मानकाने घालून दिलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर जाऊन उभी राहते. लाकडात एखादी गाठ निघाली वा रंध्याने पाव इंच कमी झाला, की ती मर्यादेपलीकडे गेली म्हणून समजावे. ३ × ६ ची तुळई मात्र त्याच मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी ताण सोसत निवांत राहते.

या दोन तुळयांच्या खर्चात फरक तो किती? ३ × ६ इंचाची ८ फूट लांब तुळई म्हणजे बरोबर १ घनफूट लाकूड. चौकाच्या चार बाजूंच्या चार तुळयांना २ घनफूट लागते. त्याऐवजी ३ × ४ वापरल्यास सव्वा घनफुटापेक्षा थोडे अधिक लागते. खांब, कड्या, फळ्या आणि तिरके आधार धरून संपूर्ण चौकाला सुमारे ११ घनफूट लाकूड लागते. त्यात बचत झाली पाऊण घनफुटाहूनही कमी, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास, आणि तुळयांची ताकद गेली निम्म्याहून अधिक. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही हा सौदा तोट्याचा आहे, हे सांगण्यास अभियंता लागत नाही.

आपल्या उदाहरणातील चौकासाठी मापे साधारण अशी राहतील :

• खांब : चार, ५ × ५ इंच. हेच खांब चौकाच्या वर कठड्यापर्यंत न्यावेत.
• कडेच्या तुळया : चार, ३ × ६ इंच, उभ्या बसवलेल्या.
• तुळयांवरच्या कड्या : २ × ४ इंच, उभ्या, दर एक फुटावर.
• वरच्या फळ्या : दीड इंच जाड, दोन फळ्यांत पाणी निथळण्यापुरती फट ठेवून.
• तिरके आधार : ३ × ३ इंच, खांब आणि तुळई यांच्या कोनात.

ही मापे सागवान वा त्याहून बळकट लाकडासाठी आणि याच आकारासाठी आहेत. खांबांतील अंतर ६ फूट झाले किंवा लाकूड हलके निवडले, तर संपूर्ण हिशेब नव्याने करावा लागेल. आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवरील अमेरिकी आराखडे पाहून अनेक जण मापे लिहून आणतात. तिकडे ‘दोन बाय दहा’ या नावाने विकली जाणारी फळी तासल्यानंतर प्रत्यक्षात दीड इंच × सव्वानऊ इंच भरते, आणि तिकडचे कोष्टक हे गृहीत धरूनच केलेले असते. आपल्या वखारीतही कापीव माप आणि रंधा मारल्यानंतरचे माप यांत फरक पडतो. म्हणून अंदाजपत्रकात तयार माप लिहून घ्यावे.

उघड्यावरचे लाकूड वेगळे

घरातील माडीची कडीपाटाची तक्तपोशी शंभर वर्षे टिकते, मग बाहेरचा जिना पंधरा वर्षांत का खचतो? याचे उत्तर पाण्यात आहे. आय.एस. ८८३ मध्ये एकाच लाकडाला तीन वेगवेगळ्या मर्यादा दिल्या आहेत : घरातील जागा, उघड्यावरची जागा आणि ओलसर जागा. घरातल्या तुलनेत उघड्यावर वाकण्याचा अनुज्ञेय ताण सुमारे एक षष्ठांशाने, तर सतत ओलसर जागी सुमारे एक तृतीयांशाने कमी धरावा लागतो. चार महिने पाऊस झेलणाऱ्या कोकणातील जिन्याला तिसरी मर्यादा लावणेच शहाणपणाचे.

लाकडाची जात निवडतानाही हाच विचार हवा. देहरादून येथील वनसंशोधन संस्थेने विविध जातींचे खुंट उघड्यावर जमिनीत पुरून ते किती काळ तग धरतात, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा चाचण्यांत सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारे लाकूड अत्यंत टिकाऊ मानले जाते, ६० ते १२० महिने टिकणारे मध्यम, आणि त्याखालील अल्पजीवी. सागवानाचा गाभा पहिल्या वर्गात मोडतो. येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, हा मान गाभ्याच्या लाकडाचा आहे. खोडाच्या बाहेरच्या अंगाचे फिकट लाकूड, मग ते सागवानाचे का असेना, वाळवीला आणि बुरशीला लवकर बळी पडते. ‘सागवानी’ एवढा शब्द ऐकून समाधान न मानता फळीची कड पाहावी. दुसरी, अत्यंत टिकाऊ ठरण्याची किमान कसोटीही दहा वर्षांचीच आहे. मातीत पुरलेल्या लाकडाला यापेक्षा फार दीर्घ आयुष्याची हमी कोणी देऊ नये. म्हणून खरा उपाय लाकूड मातीपासून दूर ठेवण्यात आहे.

तळखड्याचे शहाणपण

आपल्या जुन्या वाड्यांच्या बांधणाऱ्यांना हे नेमके उमगले होते. वाड्याचा लाकडी खांब कधी थेट जमिनीत जात नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. पावसाचे पाणी, सडासंमार्जनाचे पाणी दगडावरून ओघळून जाते आणि खांबाचे बूड कोरडे राहते. हिमाचल प्रदेशातील देवदार आणि दगड यांच्या आळीपाळीच्या थरांची ‘काठकुणी’ घरेही दगडी जोत्यावरच उभी असतात. दोन दूरच्या प्रदेशांतील कारागिरांनी एकच धडा स्वतंत्रपणे गिरवलेला दिसतो.

आजचा सुतार सोय म्हणून खांब खड्ड्यात उभा करून भोवती काँक्रीट ओततो. खांब त्या दिवशी अढळ वाटतो, पण लाकूड सुकून आकसले, की काँक्रीट आणि खांब यांच्यामध्ये बारीक फट पडते. त्या फटीत पावसाचे पाणी शिरते आणि तेथेच मुरते. काही वर्षांत खांब जमिनीच्या पातळीवर कुजतो, वरून मात्र तो रंगवलेला आणि ठणठणीत दिसत राहतो. त्याऐवजी काँक्रीटचा पाया जमिनीच्या वर चार-सहा इंच आणावा, त्याचा माथा बाहेरच्या बाजूस उतरता करावा आणि त्यात बसवलेल्या जस्तलेपित लोखंडी बुटात खांब पायापासून इंचभर उंच उभा करावा. हा नव्या काळातील तळखडाच होय.

पाया किती मोठा आणि किती खोल? आपल्या चौकाच्या सर्वाधिक भाराच्या खांबावर सुमारे अर्धा टन येईल. दीड फूट × दीड फूट पाया असल्यास साधारण जमीन तो सहज पेलते. म्हणजे खोली भारासाठी नसते, ती जमिनीच्या स्वभावासाठी असते. देशावरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात वरवर घेतलेला पाया वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खचतो, आणि चारही खांब सारखे हलत नाहीत. तेथे मुरूम लागेपर्यंत खाली जाणे भाग आहे. कोकणातील जांभ्यावर हे काम पुष्कळ सोपे होते. भरावाची जमीन असल्यास मात्र जांभा आहे की भराव, हे प्रथम तपासावे.

खांब मोडत नाही, सांधा सुटतो

५ × ५ इंचाचा सागवानी खांब अर्ध्या टनाच्या कितीतरी पट भार सरळ दाबाने पेलू शकतो. म्हणून खांब भाराने चिरडला जाण्याची शक्यता जवळजवळ नसते. तो बुडाशी कुजतो, बाजूला हलतो किंवा तुळई त्याच्यापासून निसटते. आधारांची निवड या तीन गोष्टींसाठी करायची असते.

पहिली सूचना सांध्याची. तुळई खांबाच्या बाजूस खिळ्यांनी लटकवू नये. खांबाला इंचभर खाच घेऊन तुळई त्या खाचेवर बसवावी आणि मग वॉशर लावलेल्या दोन जस्तलेपित बोल्टांनी आवळावी. असे केल्याने भार लाकडावरून लाकडावर उतरतो, बोल्ट केवळ पकड ठेवतो. समुद्रकिनारी शक्य असल्यास स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत, कारण खारी हवा लोखंडाला जुमानत नाही.

दुसरी सूचना चढणींच्या टोकांची. पायऱ्या धरणाऱ्या तिरप्या तुळयांची टोके चौकाच्या फळ्यांवर टेकवू नयेत. ती थेट कडेच्या तुळईवर यावीत. फळी हे चालण्याचे साधन आहे, भार वाहण्याचे नव्हे.

तिसरी सूचना हेलकाव्याची. जिना चढणारा माणूस प्रत्येक पावलागणिक चौकाला थोडा ढकलतो. चार खांब आणि चार तुळया यांची चौकट तिरक्या आधारांवाचून खाटेसारखी हलते, आणि हलणारा सांधा हळूहळू सैल होतो. म्हणून दोन्ही दिशांना खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके आधार द्यावेतच.

चौथी सूचना भिंतीची. दोन खांब वाचवण्यासाठी चौकाची एक बाजू घराच्या भिंतीला बोल्टांनी टांगण्याचा मोह होतो. वीट वा जांभ्याच्या जुन्या भिंतीत बोल्टाची पकड किती, हे बाहेरून कळत नाही, आणि त्या छिद्रांतून पाणी भिंतीतही शिरते, लाकडामागेही साचते. चौक स्वतःच्या चार पायांवर उभा असावा आणि भिंतीशी त्याचे नाते केवळ हेलकावा रोखण्यापुरते असावे.

दूरदेशीचे दोन धडे

लाकडी जिने आणि सज्जे यांचा वापर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्यांच्या हयगयीची मोठी किंमतही त्या देशाने मोजली आहे. शिकागो शहरात जुन्या इमारतींच्या मागील बाजूस मजल्यामजल्यांचे लाकडी ओटे आणि त्यांना जोडणारे जिने असतात. २९ जून २००३ रोजी तेथील एका इमारतीत मेजवानीच्या वेळी असे ओटे एकावर एक कोसळले आणि १३ जण मृत्युमुखी पडले. गर्दी जास्त होती हे खरे, पण ते बांधकाम विनापरवाना आणि नियमापेक्षा मोठे असल्याचेही नगरप्रशासनाने नंतर सांगितले.

१६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कले येथे एका इमारतीचा सज्जा तुटून सहा तरुण-तरुणी दगावल्या. ती इमारत जुनी नव्हती. आत अडकलेल्या पाण्याने सज्ज्याच्या लाकडी तुळया कुजल्या होत्या आणि वरच्या आच्छादनामुळे ते कोणास दिसले नव्हते. या घटनेनंतर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून तीन वा अधिक सदनिकांच्या इमारतींतील सहा फुटांहून उंच लाकडी सज्जे, बाहेरचे जिने आणि मार्गिका यांची ठरावीक मुदतीने तपासणी बंधनकारक केली.

पहिला धडा परवान्याचा आणि मापाचा, दुसरा धडा पाण्याचा. आपल्याकडे घरमालकाला असा कायदा दर काही वर्षांनी जागे करीत नाही, म्हणून ते काम त्याने स्वतःच करायचे.

ग्राहकांनी काय करावे?

जिन्याचे काम हाती घेण्यापूर्वी स्थानिक स्वराज्य संस्थेची परवानगी लागते का, याची चौकशी करावी आणि आराखड्यावर बांधकाम अभियंत्याची सही घ्यावी. ‘लाकडी जिना, एकूण’ ही ओळ स्वीकारू नये. लाकडाची जात, प्रत्येक भागाचे तयार माप, संख्या, घनफूट, बोल्टांचा प्रकार, पायाचे माप आणि खोली यांचा स्वतंत्र उल्लेख मागावा. अशा तपशीलवार अंदाजपत्रकामुळे कर्जाची रक्कम ठरवणेही सोपे होते आणि काम चालू असताना काय बदलले, हे मालकालाही कळते. काटकसर करायचीच असेल, तर ती नक्षीकामात, रंगात किंवा कठड्याच्या कलाकुसरीत करावी. कठड्याची उंची मात्र किमान एक मीटर असावी आणि त्याचे खांब फळ्यांना न जोडता तुळयांना किंवा मुख्य खांबांना जोडलेले असावेत. लहान मूल शिरेल एवढी फट कठड्यात राहू नये.

जिना उभा राहिल्यावर वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अर्धा तास त्याच्यासाठी द्यावा. खांबांची बुडे, तुळयांची टोके आणि खाचा येथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. टोक सहज आत रुतले, तर रंगाखाली लाकूड कुजले आहे असे समजून तो भाग त्वरित बदलावा. लाकूड आकसल्याने सैल झालेले नट पुन्हा आवळावेत. फळ्यांमधील पालापाचोळा काढावा, कारण पाणी तेथेच थांबते. आणि गणपतीला, लग्नाला, सुट्टीतल्या पाहुण्यांच्या वर्दळीला चौकावर दाटीने उभे राहून छायाचित्र काढण्याचा हट्ट कोणी धरला, तर त्याला प्रेमाने अंगणात बोलवावे.

बँकेत आपण सहकर्जदार आणि जामीनदार यांची नीट पारख करतो, कारण कर्जाचा भार अखेर त्यांच्यावर येऊ शकतो. जिन्याच्या चौकाचे चार खांब हे त्या जिन्याचे जामीनदार आहेत. वर चढणारी माणसे आपलीच असल्याने त्यांची पारखही तितक्याच दक्षतेने व्हायला हवी.